अर्धा इंच माया

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे, हे मला वयाच्या 52व्या वर्षी कळलं. आईनं सांगितलं. तिच्या हातात टेप, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मी खोलीच्या मधोमध पाचवीतल्या पोरासारखा हात सोडून उभा. "पोट आत ओढू नकोस," ती म्हणाली. "शर्ट घालून दिवसभर श्वास धरून बसणार आहेस का?"

झालं असं, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं बसणाऱ्या टेलरकाकांनी दुकान बंद केलं आणि मी तयार शर्टांकडे वळलो. एकही अंगाला धड बसेना. पोटाला बरोबर तो गळ्याला सैल, गळ्याला बरोबर तो पोटावर बटणं ताणणारा. फॉर्मल शर्टावरचा 39, 40, 42 हा आकडा मी आयुष्यभर छातीचा समजत होतो. तो असतो गळ्याचा, आणि तोही सेंटिमीटरात. म्हणजे गळा मोजायचा आणि बाकीच्या माणसाचा अंदाज बांधायचा! शिवाय प्रत्येक शर्टात उजव्या कॉलरपासून काखेकडे एक तिरकी घडी पडायची. काकांच्या शर्टात ती कधी पडली नव्हती. त्यांनी माझा उतरता खांदा पहिल्याच मापाला हेरला असणार आणि मला न सांगता इतकी वर्षं सांभाळून घेतला असणार. मी मात्र दर वेळी "काका, शिलाई जरा जास्तच लावलीत" म्हणत राहिलो.

म्हणून आईचं पायमशीन माळ्यावरून उतरवलं. तेल घातलं, चामडी पट्टा नवा चढवला. पहिले दोन दिवस नुसता पाय मारायचा सराव. चाक उलटं फिरलं की दोरा तुटायचा, बॉबिनपाशी गुंता व्हायचा. साध्या सुईचं नेढं मागच्या बाजूला असतं, मशीनच्या सुईचं टोकाशी. एवढ्याशा गोष्टीवर हे सगळं यंत्र उभं आहे. तशा सुईच्या मशीनचं पेटंट एलियस होव यानं 1846 साली घेतलं आणि 1851मध्ये सिंगरनं आपल्या सुधारलेल्या मशीनचं. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या मशीनला सूट दिली होती. बायकोला टाके घालत बसलेलं पाहून सिंगरला ते सुचलं, असं गांधीजींचं म्हणणं. सिंगरसाहेबांचा प्रत्यक्षातला संसार एका बायकोत मावणारा नव्हता आणि मुलं दोन डझनांच्या घरात होती, ते सोडून देऊ. एवढ्यांचे कपडे शिवायचे म्हणजे मशीन हवंच.

लक्ष्मी रोडवरून बारीक छापाचं सुती कापड आणलं, 58 इंच पन्ह्याचं, एक मीटर साठ. कापड मीटरवर घ्यायचं आणि कापायचं इंचावर, हा आपल्याकडचा रिवाज. आईचा हिशेब त्याही खालचा, सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात: "इथे दोन सूत सोड, तिथे एक सूत घे." तिनं कापडाला आधी बादलीत बुडवून वाळवायला लावलं. सुती कापडाला जे आटायचं ते कात्रीआधी आटू दे, नाहीतर पहिल्या धुण्यात शर्ट पुतण्याला होतो.

काकांनी शिवलेला एक विटका शर्ट ब्लेडनं टाका टाका काढून उसवला. योक म्हणजे खांद्यावरची पट्टी, पाठ, दोन पुढे, बाह्या, कॉलर, कॉलरची उभी पट्टी. रोज अंगात घालत होतो त्या वस्तूचे एवढे तुकडे असतात, ते जमिनीवर पसरल्यावर दिसले. ते तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून कटिंग काढलं. उजव्या बाजूला खांद्याची रेघ टोकाशी अर्धा इंच खाली घेतली. खांदा खाली घेतला की मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, हाही तेवढाच खाली घ्यायचा, नाहीतर हात वर होत नाही. आमच्या भाषेत कापड कापत नाहीत, बेततात. कापायला कात्री पुरते. बेतायला आधी सगळा शर्ट डोक्यात शिवून झालेला असावा लागतो.

माझ्या डोक्यात तो नव्हता, हे बाह्यांनी सिद्ध केलं. एक बाही बेतली, कागद तसाच उचलून पुढे ठेवला आणि दुसरी बेतली. कागद उलटवायचा राहिला. बाहीची पुढची गोलाई मागच्यापेक्षा जरा खोल असते. माझ्या दोन्ही बाह्या डाव्या. कापड छापील, उलटी बाजू फिकी, तेव्हा फिरवून लावायचीही सोय नाही. आईला दाखवल्या. तिनं दोन्ही हातांत धरून बघितल्या आणि एवढंच विचारलं, "दोन डावे हात असलेलं कोण आहे आपल्यात?" उरलेल्या तुकड्यांत उजवी बाही बसली, पण कोपरापर्यंतच. फुल शर्टाचा हाफ झाला. कफ शिवायचे वाचले, हे मी कोणाला सांगत नाही.

सगळ्यात जीव खाल्ला कॉलरनं. आत बकरम, म्हणजे ताठ अस्तर, घालून कडेनं टीप मारली, मग टोकाशी जादा कापड टिपेच्या अगदी जवळून तिरकं छाटलं. ते राहिलं तर उलटवल्यावर टोकाला गाठ येते. फार छाटलं तर टोक उसवून बाहेर डोकावतं. उलटवायला आईनं विणकामाची सुई दिली. "ढोसू नकोस. सुई तिथे टेकव आणि कापड तिच्यावरून ओढ." पहिलं टोक पोपटाच्या चोचीसारखं आलं, दुसरं नीट. चोच अजून आहे, उजवीकडे.

काजं मात्र तिनं मला करू दिली नाहीत. 78व्या वर्षी, खिडकीच्या उजेडात, सात काजं तिनं हातानं भरली. सहा उभी, गळ्याच्या पट्टीवरचं एक आडवं. दोन संध्याकाळी लागल्या. माझी शिवण त्या काजांच्या शेजारी फार ओळखू येते.

रविवारी शर्ट घातला. आरशात पाहिलं, काखेकडे जाणारी ती घडी नव्हती. खांदा उतरलेलाच होता, शर्टही त्याच्याबरोबर उतरला होता. आईसमोर जाऊन उभा राहिलो. तिनं पुढून पाहिलं नाही, पाठीमागूनही नाही. खालचं टोक उचललं, उलटं केलं आणि कुशीची शिवण आणि तिच्या आत सोडलेलं जादा कापड बोटांनी चाचपत वर गेली.

"माया किती ठेवलीस?"

"अर्धा इंच."

तिनं शिवण सोडली आणि एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं.

"पुढच्या वेळी पाऊण ठेव. वाढतं अंग आहे तुझं."