बाकी एक

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असा निरोप आला आणि मला आठवली ती पाचवीतली माझी गणिताची वही. तिच्यात मी १/४ = १.४ असं लिहिलं होतं आणि त्याखाली ३/५ = ३.५. आडवी रेघ काढायची आणि तिच्या जागी टिंब द्यायचं, अशी माझी पक्की समजूत होती. बाईंनी फुली मारली नाही. वही माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "पाव हा एकापेक्षा मोठा की लहान?" मी म्हटलं, "लहान." "आणि हे एक पूर्णांक चार दशांश?" उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चूक माझी मलाच दिसली.

आज मीही पाचवी-सहावीला गणित शिकवतो. ते १.४ कुणाच्या ना कुणाच्या वहीत हमखास भेटतं. मी बाईंचाच प्रश्न विचारतो.

नियम सांगायची बाईंना घाई नसे. 'अंशाला छेदानं भागा' हे वाक्य आमच्या वर्गात फार उशिरा आलं. आधी आला चौकटींचा कागद. दहा बाय दहा घरांचा चौरस म्हणजे एक. त्यातली एक रांग म्हणजे दशांश, एक घर म्हणजे शतांश. ३/४ रंगवले की पंचाहत्तर घरं भरत, मग ०.७५ लिहायला कुणी सांगावं लागत नसे. १/८ ला मात्र बारा घरं पुरी भरली आणि तेरावं अर्धंच. अर्धं घर लिहायचं कसं? त्या इवल्या घराचे पेन्सिलीला टोक काढून काढून दहा भाग केले, त्यातले पाच रंगवले. ०.१२५. सहस्रांश कशाला लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग १/३. शंभर घरं तिघांत वाटली, तेहतीस तेहतीस आली, एक उरलं. त्याचे दहा भाग केले, तीन तीन आले, एक उरला. पुन्हा दहा, पुन्हा एक. आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, "बाई, हे संपतच नाही!" बाई खुर्चीतून उठल्या. "का संपत नाही, ते सांग बरं." तो तास त्या एका प्रश्नातच गेला. शेवटी फळ्यावर एवढंच लिहिलेलं राहिलं, १० = २ × ५. दहा, शंभर, हजार यांत दोन आणि पाच यांखेरीज दुसरा मूळ अवयवच नाही, मग तीन त्यांना नि:शेष भागणार कसा? आठ म्हणजे २ × २ × २. त्या प्रत्येक दोनाला जोडीला एक पाच दिला की हजार होतात, म्हणून १/८ तिसऱ्या स्थळी थांबतो. ६/१५ चा छेद पाहून आम्ही 'थांबणार नाही' म्हणालो आणि फसलो. आधी संक्षिप्त रूप द्यायला हवं होतं. तो २/५, म्हणजे सरळ ०.४.

वाचण्याच्या बाबतीत मात्र त्या फार कडक होत्या. ०.३५ ला 'पॉइंट पस्तीस' म्हटलेलं चालत नसे. 'शून्य पूर्णांक पस्तीस शतांश' म्हणा, नाहीतर 'पॉइंट तीन पाच'. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. आता कळतं, 'पस्तीस' म्हणणारं मूल ०.३५ ला ०.४ पेक्षा मोठं ठरवतं, कारण पस्तीस चारांहून मोठे. शिवाय 'शतांश' म्हटलं की छेद तोंडातच येतो: पस्तीस शतांश, ३५/१००, म्हणजे ७/२०. दशांशाचा व्यवहारी अपूर्णांक करणं म्हणजे निम्मं काम नीट वाचण्याचंच. टिंबानंतरचे अंक मोजून तेवढी शून्यं द्या, हा नियम त्यानंतर आला तर बिघडत नाही. आधी आला तर मुलं शून्यंच मोजत बसतात.

बाई अंकांच्या डोक्यावर पेन्सिलीनं द, श, स अशी अक्षरं लिहायला लावत. पुढे वाचनात आलं, की गणितज्ञ सायमन स्टेव्हिन यांनी १५८५ साली दशांश अपूर्णांकांवर छोटी पुस्तिका छापली, तेव्हा त्यांनीही स्थान दाखवायला अंकांबरोबर वर्तुळात १, २, ३ असे आकडे दिले होते. वाचता वाचता माझ्या डोळ्यांपुढे बाईंचा फळा उभा राहिला.

आणि १/७. भागाकार करताना प्रत्येक बाकी समासात लिहायची. ३, २, ६, ४, ५, आणि मग १. सातानं भागताना शून्य सोडलं तर बाक्या सहाच. त्या संपल्या की जुनीच बाकी परत येणार. ०.१४२८५७, आणि पुन्हा तेच. बाईंनी हे सहा अंक वर्तुळात मांडले. २/७ साठी दोनापासून फिरायचं, २८५७१४. ३/७ साठी चारापासून, ४२८५७१. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

यंदा सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, सतराचंही असंच होईल?" मी उत्तर दिलं नाही, कोरं पान दिलं. पुढचा तास सुरू झाला तरी तिचं चाललंच होतं. ०.०५८८२३५२९४११७६४७, सोळा अंक. समासात सोळा बाक्या, एकही दोनदा आलेली नाही. शेवटच्या बाकीभोवती तिनं गोल केला होता. ती बाकी होती एक.