साखरबावीचं पाणी

"बावीचा पाणी चाखलंस काय?"

सिंधुदुर्गावरून मालवण जेटीला परतताना होडीवाल्या काकांनी एवढंच विचारलं. मी गप्प.

गडावर तासाभरात सगळं भराभर उरकलं होतं. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे, शिवराजेश्वराचं देऊळ, तटावरून फोटो. पुढे तारकर्लीचं स्कूबा ठरलेलं, मग सुरमईचं ताट.

दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरी पाहिल्या. साखरबावीपाशी एक आजी कळशी भरत होत्या. दोर ओढताना पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी फोटो काढला आणि पुढे निघालो.

चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध गोडं पाणी! १६६४ साली महाराजांनी या कुरटे बेटावर किल्ला बांधायला घेतला. या विहिरी नसत्या तर इथे शिबंदी टिकली असती का? आजही काही कुटुंबं गडावर राहतात. आणि मी खांद्याला बिसलेरी अडकवून तिथून परत आलो, याची रुखरुख रात्रभर गेली नाही.

उतरताना काका म्हणाले, "परत येतलंस तेव्हा पी."

तुमच्यापैकी कुणी प्यायलंय का ते पाणी? कसं लागतं?