उत्तम शुक्रवारची दुपारची फेरी

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सरकारी कचेऱ्यांना सुट्टी असली, तरी एसटीच्या वाहकाला ती मिळतेच असे नाही. त्या वर्षी माझ्या वाट्याला अंबड–जालना फेरी आली. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बारा ते तीन येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन चालले असणार, आणि मी खाकी गणवेशात तिकिटे फाडत होतो. (आता तिकिटे मशीनमधून निघतात, पण तोंडी शब्द फाडण्याचाच राहिला आहे.)

मी गाडीत धर्माविषयी बोलत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नवा करार रेल्वेच्या प्रवासातच एका अनोळखी माणसाने दिला आणि 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, ही हकिकत आमच्या घरी सर्वांना पाठ आहे. मात्र तो माणूस सहप्रवासी होता; वाहकाचे बोलणे नकोसे झाले, तर तिकीट काढून बसलेल्याने उतरून कोठे जावे? लूकच्या शुभवर्तमानात बाप्तिस्मा करणारा योहान जकातदारांना नेमून दिल्यापेक्षा जास्त घेऊ नका असे सांगतो, ते मला माझ्या कामाला अधिक लागू वाटते. सुटे नसले की तिकिटामागे बाकी लिहून देणे आणि प्रवासी उतरण्याआधी ती परत करणे, ही माझी रोजची साक्ष.

जालना निम्म्यावर आले असताना पुढे कांद्याचा ट्रक आडवा झाला होता आणि दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा लागल्या होत्या. एप्रिलचे ऊन; गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. तिसऱ्या बाकावर डायलिसिससाठी निघालेले एक आजोबा होते. त्यांचे ओठ सुकले होते आणि आजी बाटलीचे झाकण भरून तेवढेच पाणी त्यांच्या तोंडात सोडत होत्या. एका मुलाने गार पाण्याची बाटली पुढे केली, ती आजींनी बाजूला सारली, तेव्हा मागून आवाज आले, ‘‘म्हाताऱ्याला पाणी तरी पाजा की!’’ ज्यांचे मूत्रपिंड काम करत नाही त्यांना पाणी मोजूनच द्यावे लागते, जास्तीचे अंगात साचते आणि फुफ्फुसांत उतरले की श्वास कोंडतो, हे मला घरातल्या एका आजारपणामुळे ठाऊक होते. ते मी मोठ्याने सांगितले. आजोबांना आडवे निजवण्याची घाई करणाऱ्यांनाही थांबवले, कारण अशा वेळी ताठ बसल्यानेच श्वास घेता येतो. पाचवा उद्गार तहानेचा आहे. समोरच्या माणसाची तहान भागवायची नाही, हे पाहत उभे राहणे मला फार जड गेले.

रुग्णवाहिका रांगेतून येऊ शकत नव्हती. ट्रकच्या पलीकडे जालन्याहून आलेली आमचीच एक गाडी अडकली होती. अशा वेळी दोन्ही गाड्यांनी प्रवाशांची अदलाबदल करून आल्या वाटेने परतावे, हा उपाय जुनाच. मात्र फेरी अर्धवट सोडायची तर आगाराची परवानगी लागते, आणि फोन लवकर लागत नव्हता. मी ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होतो, ते आजींच्या लक्षात आले.

‘‘कोणाचं नाव घ्यायलाव, भाऊ?’’

‘‘येशूचं, मावशी.’’

‘‘घ्या, घ्या. म्या मत्स्योदरीला म्हणलंय, तुम्ही तुमच्याला म्हणा.’’

परवानगी मिळाली. पैशाची बॅग गळ्यात तशीच ठेवून मी आणि आजींना मघाशी बोल लावणाऱ्या प्रवाशांपैकी एक तरुण, अशा दोघांनी हातांची बैठक करून आजोबांना बसते उचलले. रस्त्यालगतच्या शेतातून, कपाशीच्या पऱ्हाट्या चुकवत, आम्ही ट्रकला वळसा घातला. आजी चपला हातात घेऊन मागे येत होत्या. पलीकडच्या वाहकाने पुढचे बाक रिकामे करून ठेवले होते. दोन्हीकडची तिकिटे तशीच चालली, कोणाकडूनही पुन्हा पैसे घ्यावे लागले नाहीत. चालकाने गाडी कशीबशी वळवली आणि ती जालन्याकडे निघाली. सायंकाळी त्याच वाहकाने फोन करून कळवले की आजोबांना दवाखान्याच्या दारातच उतरवले आणि डायलिसिस सुरू झाले.

तिकडून आलेले प्रवासी घेऊन आम्ही अंबडला परतलो. आगारात फेरी का तोडली याचा लेखी खुलासा मागितला गेला, तो नियमच आहे. मी चार ओळी लिहिल्या: अपघात, रुग्ण, परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद आणि कमी झालेले किलोमीटर.