निळा धूर आणि न आलेलं गेज

"मालक, रिंगा गेल्या. इंजिन उतरवावं लागेल." सोलापुरात हैदराबाद रोडवरच्या एका गॅरेजात हे मला ट्रकची केबिन उचलायच्या आधीच ऐकवलं. (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, त्या झिजल्या की ऑइल वर चढून जळतं.)

गाडी दहा चाकी, सहा सिलेंडरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा), मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबादला जाणारी. सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय, एवढं मलाही कळत होतं. पांढऱ्या धुरात न जळालेलं डिझेल किंवा पाणी असतं, काळ्यात हवा कमी पडते. निळा दिसला की ऑइलच. पण गाडीची ओढ शाबूत होती, सकाळी पहिल्या सेल्फला स्टार्ट होत होती. रिंगा इतक्या झिजल्यावर असं होतं का? मी विचारत होतो आणि मिस्त्री मान डोलवत कागदावर लायनर, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट किट लिहीत होता.

मी म्हटलं, आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तपासा. तर तो मोजायचं गेज दुसऱ्या गॅरेजला गेलेलं. उद्या येईल. उद्या मोठे मिस्त्री एमआयडीसीत. परवा गेज नाही, मिस्त्री आहेत, पण ते जेवायला गेलेत. गाडी शेडबाहेर सोलापूरच्या उन्हात उभी, ड्रायव्हर टपरीवर बसलेला, हप्ता मात्र चालू. विचारलं की एकच उत्तर, "खोलल्यावर सगळं दिसेलच की मालक." खोलल्यावर मजुरी लागते, तेही दिसतंच! ते गेज शेवटपर्यंत आलं नाही.

मग मीच इंजिन चालू ठेवून ऑइल भरायची कॅप सैल केली. बॅक कॉम्प्रेशन मारत असेल, म्हणजे रिंगांवरून गॅस खाली गळत असेल, तर तिथून धुराचे फुंकारे येतात, कॅप उडू बघते. इथे बारीकशी वाफ, बस्स. (गरम ऑइल उडतं, तोंड लांब ठेवा. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाइप तुंबला असला तरी दाब वाढतो, म्हणून तो आधी बघा.) कागद तिथंच ठेवून गाडी बाहेर काढली.

फक्त टर्बोचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या फिटरनं इंटरकूलरकडे (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) जाणारा होज काढला. आत ऑइल ओघळत होतं. मग टर्बोतून ऑइल खाली चेंबरला, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे, परत नेणारा पाइप सोडवला. कार्बननं इतका जाम की तार जाईना. ऑइल परत जायला वाट नाही, म्हणून सील ओलांडून हवेच्या बाजूला शिरत होतं आणि सिलेंडरमध्ये जाऊन जळत होतं. पाइप नवा, टर्बोला किट. इंजिनला कुणी हात लावला नाही.

इंटरकूलर धुऊन घ्या. आत साठलेलं ऑइल नंतरही जळत राहतं आणि काम फसलं असं वाटतं. जास्त साठलं तर इंजिन त्यावरच पळतं, चावी बंद केली तरी थांबत नाही.

धूर कधी येतो हे ड्रायव्हरला विचारायचं राहू देऊ नका. बराच वेळ आयडलवर ठेवून रेस दिल्यावर भपकन आला तर वॉल्व्ह सीलवर संशय घ्या, भरल्या गाडीला चढावर सतत येत असेल तर रिंगांवर. एअर फिल्टर चोंदला तरी टर्बो ऑइल ओढतो. ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त असलं तरी निळा धूर येऊ शकतो, तेव्हा गाडी सपाट जागी लावून तेही बघा.

लांबून आल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवूनच इंजिन बंद करायचं, असं ड्रायव्हरला बजावलंय. तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल करपतं आणि तोच कार्बन पाइपात बसतो.