हातपंपाच्या पुढची हेलन

आमच्या इंग्रजीच्या बाईंना पाठ्यपुस्तक पुरत नसे. अवांतर वाचनाच्या तासाला त्या कुठून कुठून गोष्टी शोधून आणायच्या. हेलन केलरची गोष्ट सांगितली त्या दिवशी त्यांनी आमच्या जोड्या लावल्या. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं एका हाताच्या बोटांनी अक्षरं काढायची. तीन बोटं उभी केली की डब्ल्यू. मूठ वळून अंगठा बाजूला टेकवला की ए. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत अंगठा खुपसला की टी. चारही बोटं दुमडून अंगठ्यावर आणली की ई. तर्जनीवर मधलं बोट चढवलं की आर. डोळे मिटलेल्यानं आपला पंजा त्या हातावर ठेवून चाचपत ओळखायचं. ए आणि टीमध्ये सगळा वर्ग फसला. एवढा दंगा झाला की शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १८८० साली अलाबामातल्या टस्कंबियात जन्म, एकोणिसाव्या महिन्यात आजारपणात डोळे आणि कान दोन्ही गेले. मार्च १८८७ मध्ये अॅन सलिव्हन शिकवायला आली आणि ५ एप्रिलला हातपंपाच्या धारेखाली, तळहातावर काढलेल्या याच अक्षरांतून, हेलनला शब्द म्हणजे काय ते उमगलं. तेवढ्यात घंटा झाली. बाईंना दोष नाही, जगाचीही घंटा तिथंच होते. अमेरिकेच्या संसदभवनात २००९ साली अलाबामा राज्यानं तिचा पुतळा बसवला, तोही पंपाशी उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलीचा! त्या पंपाच्या दिवसानंतर ती आणखी ८१ वर्षं जगली. बी.ए. झाली, पुस्तकं लिहिली, भांडली.

आमच्या बॅचला नववीचं वर्ष आठवतं ते संपामुळे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापडगिरण्यांचे भोंगे थांबले आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप घरी बसले. माझे वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर. खात्यातल्या खडखडाटात एकमेकांशी बोलायचं तर हातवारे आणि ओठांची हालचाल एवढाच आधार, त्यामुळे त्या लोकांची एक खुणांची भाषाच तयार झालेली. चाळीच्या गॅलरीतून समोरच्या चाळीतल्या सोबत्याशी वडील आवाज न काढता अख्खी बातचीत करायचे. घरात मात्र ओरडून बोलत, कारण स्वतःचाच आवाज त्यांना धड ऐकू येत नव्हता. वयोमानानं होतं असं, आई म्हणायची. वय तेव्हा पंचेचाळिशीच्या आतलं.

पुढे मी नोकरीत युनियनच्या कामात पडलो आणि हेलनचं १९१३ सालचं ‘आउट ऑफ द डार्क’ हाती आलं. ही बाई समाजवादी पक्षात होती हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. १९०६ साली मॅसॅच्युसेट्सच्या अंधांसाठीच्या आयोगावर तिची नेमणूक झाली. तोवर आंधळेपण हे नशिबाचं देणं अशीच तिची समजूत होती. चौकशीत निघालं भलतंच. कारखान्यांतली कामाची पद्धत, मालकांची हाव आणि गरिबी यांनी कितीतरी डोळे घेतले होते. आईच्या गुप्तरोगामुळे तान्ह्या बाळांना येणारं अंधत्व सिल्व्हर नायट्रेटच्या थेंबानं टळू शकतं, पण चारचौघांत त्याचं नाव काढायची चोरी. १९०७ मध्ये तिनं ते बायकांच्या एका खपाच्या मासिकात लिहिलं. खुद्द सलिव्हनबाईंचे डोळे खुपऱ्यांनी अधू झालेले आणि त्या वाढल्या गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात. हे वाचताना वडिलांच्या कानांचा हिशेब मला पहिल्यांदा नीट लागला. त्यात वयाचा वाटा फार थोडा होता.

जानेवारी १९१२ मध्ये लॉरेन्स गावच्या कापडगिरण्यांत संप झाला, तोही तिनं उचलून धरला. कायद्यानं आठवड्याचे तास ५६ वरून ५४ केले, तर मालकांनी पगारही तेवढाच कापला. वीस हजारांहून जास्त कामगार बाहेर पडले आणि मार्चमध्ये जिंकूनच आत गेले. आमच्या लोकांचं तसं झालं नाही. १९१९ साली तिच्याच आयुष्यावरचा मूकपट लागला तेव्हा नटांचा संप चालू होता. पहिल्या खेळाला न जाता ही संपकऱ्यांत सामील झाली.

पूर्वी तिची तोंड भरून स्तुती करणारा ब्रुकलिनचा एक संपादक तिनं राजकारणावर तोंड उघडताच लिहू लागला की, तिच्या चुका तिच्या व्यंगातून येतात. हेलननं उत्तर दिलं, त्याची-माझी भेट झाल्यापासून माझी अक्कल आटली असावी. असा टोला आमच्या गेटसभेतही क्वचितच ऐकला.

तिचं सगळंच मला पटतं असं नाही. १९१५ साली शिकागोच्या एका डॉक्टरनं गंभीर व्यंग असलेल्या अर्भकाला शस्त्रक्रिया न करता मरू दिलं, तेव्हा हेलननं त्याची बाजू घेतली. तिनं ती घ्यावी हे आजही माझ्या घशाखाली उतरत नाही. पोलादवाल्या कार्नेगीचं वर्षासन तिनं आधी नाकारलं आणि १९१३ मध्ये घेतलं, त्याबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. संप लांबला की तत्त्वाचं काय होतं ते गिरणगावाला सांगायला नको.

१९५५ मध्ये पंचाहत्तरीला टेकलेली हेलन भारतातही येऊन गेली. नेहरूंच्या चेहऱ्यावर बोटं ठेवलेला तिचा फोटो प्रसिद्ध आहे. अंगठा गळ्यावर, तर्जनी ओठांवर आणि मधलं बोट नाकाशी, अशा रीतीनं ती समोरच्याचं बोलणं समजून घ्यायची.

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सव समितीला एक सुचवायचं आहे. बहिऱ्या आणि बहिरेपणासोबत अंधत्वही असलेल्या मुलांसाठी बेरोझ वाच्छा यांनी १९७७ साली आपल्या मुंबईतच हेलनच्या नावानं संस्था काढली. या वर्षीच्या सहलीत नेहमीच्या वॉटर पार्कऐवजी नववीच्या मुलांना तिथं न्यावं. आधी परवानगी घ्यावी लागेल, ते पत्र मी लिहून देतो. बसचा खर्च आमची बॅच करील.