खानापूरच्या रानात पोरं न्यायची तर

स्काऊट-गाईडच्या सहलीची तारीख ठरली की पहिला हिशेब काळोखाचा करावा. जेवण, बस, वर्गणी हे सगळं त्याच्या मागून. डिसेंबरात आपल्याकडे, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या दाट झाडीत त्याच्या बराच आधी पायाखालची वाट दिसेनाशी होते. खानापूरच्या रानातली अस्वलंही तिन्हीसांजेलाच बाहेर पडतात. म्हणून संध्याकाळी पाचला शेवटचं मूल गाडीपाशी, ही वेळ पक्की धरायची आणि तिथून मागे मोजत यायचं.

मोजायचं कसं? स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथचा नियम 1892 पासूनचा आहे: दर 5 किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. हा धडधाकट मोठ्या माणसाचा वेग झाला. पाठीवर सॅक घेतलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी तो वेळ दीडपट धरावा. समजा वाट 8 किलोमीटर आणि चढ 300 मीटर. नियमाने 2 तास 6 मिनिटं, दीडपट केल्यावर सव्वातीन तासांच्या जवळ. दर 50 मिनिटांनी 10 मिनिटांचा विसावा धरला की जाण्याचे 3 तास 40 मिनिटं. त्याच वाटेने उतरायला, विसाव्यासकट, पावणेतीन तास. वर जेवणाला एक तास. म्हणजे पाचला खाली पोचायचं तर साडेनऊला पावलं पडायलाच हवीत आणि सव्वादोनला, माथा आलेला असो वा नसो, मागे फिरायचं. ही परतीची वेळ निघण्याआधी सगळ्या मुलांना सांगून ठेवावी. ऐनवेळी "सर, एवढंच राहिलंय, जाऊया की" असं पोरं म्हणणारच, आणि तेव्हा ठरवायला बसलं की मोठ्यांचाही निश्चय ढळतो. बस उशिरा आली तर वाट कमी करायची, परतीची वेळ हलवायची नाही.

पथक लहान असलं तरी मोठी माणसं तीन हवीत, गाईड म्हणजे मुली असतील तर त्यांत बाई हवीच. कारण साधं आहे. एखाद्याचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्यापाशी थांबतो, दुसरा मदत आणायला जातो, मग उरलेल्या मुलांकडे कोण बघणार? चालताना एक पुढे, एक अगदी शेवटी. शेवटच्याच्या मागे कुणीही थांबायचं नाही, लघवीलासुद्धा. सहा ते आठ जणांच्या प्रत्येक संघात मुलांना कायमचे क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक विसाव्यानंतर त्यांनी आपापला क्रमांक मोठ्याने म्हणावा. नुसती डोकी मोजली की हलणाऱ्या पोरांत एखादं दोनदा मोजलं जातं आणि हरवलेलं ध्यानात येत नाही.

आठ-दहा दिवस आधी मोठ्यांनी ती वाट स्वतः चालून बघावी. गेल्या वर्षी बघितलेली वाट चालत नाही. मोबाइलला रेंज कुठवर आहे, गाडी कुठवर येते, पाणी कुठे आहे आणि कड्याला किंवा गडाच्या बुरुजाला आग्या मोहोळ लागलंय का, एवढं टिपून आणावं. मोहोळ दिसलं तर वाटच बदलावी. त्याच्या आसपास धूर करायचा नाही, अत्तर-सेंट लावून जायचं नाही. तरी माशा उठल्याच तर गळ्यातला स्कार्फ तोंडावर धरून सरळ पळत सुटायचं. पाण्यात उडी मारायची नाही, माशा वर घोंगावत राहतात. सुरक्षित जागी पोचल्यावर काटा नखाने खरवडून लगेच काढावा, कारण तो आत असेपर्यंत विष उतरत राहतं.

भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, तिकडे जायचं तर आधी वनखात्याकडून लेखी परवानगी घ्यावी.

आता पाणी. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरकडे येते. वर कणकुंबीला ढग फुटला आणि खाली खानापूरजवळच्या असोग्याला ऊन असलं तरी नदी चढते. त्यामुळे डोक्यावरचं आभाळ बघून पात्रात उतरू नये. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला की तत्क्षणी सगळ्यांनी काठावर. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचा विचारच नको. एप्रिल-मेमध्ये वळीव दुपारनंतर येतो, तेव्हा पठारावरचे कार्यक्रम बारापर्यंत उरकावेत. वीज दिसल्यावर 30 मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर माथा सोडून खाली यायचं, एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही.

फुरसं, घोणस, मण्यार, नाग, चारही इथे आहेत. दंश झाला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढावं, काठी आणि स्कार्फ वापरून तो अवयव हलणार नाही असा बांधावा आणि मुलाला चालवू नये, उचलून आणावं. सर्पदंशावरचं औषध कोणत्या दवाखान्यात आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावं.

प्रत्येक मुलाच्या खिशात एक कार्ड असावं: नाव, पालकांचा फोन, दमा, फिट किंवा अ‍ॅलर्जी. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये, म्हणजे नर्सलाही वाचता येईल आणि पोलिसालाही. सीमेवर मोबाइल कधी महाराष्ट्राचा, कधी गोव्याचा टॉवर पकडतो. म्हणून 112 किंवा 108 लावल्यावर पहिल्यांदा राज्य, मग जिल्हा, तालुका आणि जवळचं गाव सांगावं.

वाटेचा नकाशा आणि मुलांची यादी गावात एका जबाबदार माणसाकडे ठेवावी. पाचला "सगळे खाली उतरलो" असा फोन त्याला यायचा. साडेसहापर्यंत आला नाही आणि त्याने लावलेला फोनही लागला नाही, तर त्याने कुणाची वाट न बघता 112 फिरवायचा.