तिसऱ्या शंकूचा गलका

फळ्यावर घन काढला की 'मॅडम, ही रेष आत आहे की मागे?' हा प्रश्न ठरलेलाच. म्हणून आज खडू बाजूला ठेवला. कार्डशीटचा शंकू, कार्डशीटचीच वृत्तचिती, म्हणजे सिलिंडर. तळ सारखा, उंची सारखी. किती शंकू वाळूत वृत्तचिती भरेल? बहुतेकांनी छातीठोकपणे सांगितलं, दोन. (चित्रात तसंच वाटतं म्हणा, त्रिकोण आयताच्या निम्माच दिसतो.) तिसरा शंकू ओतल्यावर वाळू काठाला टेकली आणि असा गलका झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला! शंकूच्या घनफळाच्या सूत्रातला एक तृतीयांश मग वेगळा समजावावा लागला नाही.

एकीने विचारलं, तेवढ्याच तळाची आणि उंचीची पेटी भरायला चौरस तळाच्या सूचीही (म्हणजे पिरॅमिड) तीनच लागतील? लागतात की! एका घनाच्या तीन सारख्या, तिरक्या सूची होतात. उद्या तेच करायचंय, पुठ्ठा जमवतेय.